भांडणारा एक, नामानिराळे सगळे
(स्मृतिव्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



एका क्रीडाशिक्षकाच्या स्मरणार्थ बोलायचं म्हणजे विषय खिलाडूवृत्तीचा असणार, असं गृहीत धरून तुम्ही आला असाल. त्या विषयावर बोलायला माझी ना नाही. पण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना विरोध करणारं कुणीच नसतं. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे, त्यासाठी तुमची संध्याकाळ खर्ची घालणं बरं नव्हे. म्हणून आज मी दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल बोलणार आहे. समोरच्याच्या अंगावर जाणारा, त्याला डिवचणारा, वेळ पडली तर हात उचलणारा खेळाडू. शाळेच्या भिंतीवर त्याची तसबीर लागत नाही. पण संघ निवडायला बसलं की त्याच्या नावावर फुली मारायला कुणाचा हात धजत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ते तुम्हाला तपासून घेता येईल. व्यावसायिक सांघिक खेळात भांडणं हे बहुतेक वेळा संघाने वाटून दिलेलं काम असतं. आपण मात्र त्याला त्या खेळाडूचा स्वभाव म्हणून मोकळे होतो. त्या कामाचा फायदा सगळा संघ घेतो, आणि हिशेब चुकता करायची वेळ आली की सगळे नामानिराळे राहतात.

हे काम सगळ्यात उघडपणे चालत आलं ते उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चारी बाजूंनी भिंत असलेलं बर्फाचं रिंगण, पायात स्केट्स, हातात काठी, आणि रबराच्या चकतीमागे सुसाट धावणारे गोलरक्षकासह सहा-सहा खेळाडू. अंगावर धडकणं नियमात बसतं. आणि मारामारी? तिच्यासाठी या लीगच्या नियमांत १९२२ पासून स्वतंत्र कलम आहे. इतर बहुतेक खेळांत ठोसा मारला की खेळाडू मैदानाबाहेर जातो. इथे तो पाच मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसतो आणि पुन्हा खेळायला येतो.

या मारामारीची एक रीत ठरून गेलेली आहे. दोघं आधी नजरेने किंवा एखाद्या शब्दाने एकमेकांची तयारी विचारतात. मग काठ्या आणि जाडजूड हातमोजे बर्फावर टाकतात. एका हाताने समोरच्याची जर्सी खांद्यापाशी घट्ट धरायची, कारण पायाखाली बर्फ आहे. पकड नसेल तर स्वतःच्याच ठोशाच्या झोकाने माणूस आडवा होतो. दुसरा हात मारायला मोकळा. पंच लगेच मध्ये पडत नाहीत. ते बाजूला घिरट्या घालत राहतात आणि एक जण खाली पडला किंवा दोघंही दमले की त्यांना सोडवतात. तोवर सगळं प्रेक्षागृह उभं असतं.

या कामासाठी खास ठेवलेल्या खेळाडूला तिथे ‘एन्फोर्सर’ म्हणतात. त्याने गोल करावेत अशी कुणाची अपेक्षा नसते. त्याने आपल्या संघातल्या गोल करणाऱ्याला सांभाळायचं. वेन ग्रेट्झ्की हे त्या खेळातलं सर्वांत मोठं नाव. अंगाने किरकोळ, पण डोकं आणि हात अफाट. एडमंटन ऑइलर्स संघात त्याच्या आसपास डेव्ह सेमेन्को नावाचा धिप्पाड गडी असायचा. १९८३ मध्ये या सेमेन्कोने खुद्द मुहम्मद अलीबरोबर तीन फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत दिली होती, यावरून त्याच्या मुठीची कल्पना यावी. ग्रेट्झ्कीला कुणी आडदांडपणे धडक दिली, तर पुढच्या काही मिनिटांत सेमेन्को आपल्याला भेटायला येणार, हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असे. पुढे ते काम मार्टी मॅक्सॉर्लीकडे आलं. ऑगस्ट १९८८ मध्ये एडमंटनने ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं तेव्हा कॅनडात हलकल्लोळ झाला. त्या सौद्यात मॅक्सॉर्लीही बरोबर गेला, तो ग्रेट्झ्कीच्या आग्रहाने. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूने नव्या गावी जाताना कुणाला सोबत मागितलं, हे लक्षात घ्या. म्हणजे या कामाला किंमत होती, आणि ती किंमत ग्रेट्झ्कीपेक्षा जास्त कुणाला कळणार?

याच्या बाजूने होणारा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. खेळ इतका वेगवान की पंचाला सगळं दिसत नाही. पाठीमागून मारलेली काठी, बरगडीत खुपसलेलं कोपर, हे सगळं नजरेआड घडतं. नियम जिथे पोचत नाही तिथे भीती पोचते, असं हे तत्त्वज्ञान. अनेक खेळाडू आजही शपथेवर सांगतील की एन्फोर्सर असल्यामुळे खेळ अधिक सुरक्षित होता.

अडचण अशी की संरक्षणासाठी ठेवलेली मूठ फार काळ संरक्षणापुरती राहत नाही. फिलाडेल्फिया फ्लायर्स या संघाने १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगचा करंडक, जिंकला. प्रतिस्पर्ध्याला बडवून, घाबरवून जिंकणं ही त्यांची उघड पद्धत होती आणि ‘ब्रॉड स्ट्रीट बुलीज’ हे नाव ते अभिमानाने मिरवत. त्यांचा डेव्ह शुल्ट्झ १९७४-७५ च्या हंगामात एकूण ४७२ मिनिटांच्या शिक्षेचा धनी झाला. हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. साठ मिनिटांचा सामना धरला, तर ही शिक्षा जवळजवळ आठ पूर्ण सामन्यांइतकी भरते. इथे कुणाला कुणापासून वाचवायचं होतं? दहशत हीच डावपेचाची मुख्य चाल झाली होती, आणि तिने दोन करंडक आणून दिले.

याच फ्लायर्सचा कर्णधार बॉबी क्लार्क. १९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. कॅनडात तिला राष्ट्रीय पुराणाचं स्थान आहे. सोव्हिएत संघाचा व्हालेरी खार्लामोव्ह कुणाला आवरत नव्हता. मॉस्कोतल्या सहाव्या सामन्यात क्लार्कने त्याच्या घोट्यावर काठी हाणली. खार्लामोव्ह सातव्या सामन्याला मुकला आणि आठव्यात दुखऱ्या पायाने खेळला. कॅनडाने शेवटच्या सामन्यात ३४ सेकंद उरले असताना गोल करून मालिका खिशात घातली. आता ऐका. पुढे कित्येक वर्षांनी संघाचे सहायक प्रशिक्षक जॉन फर्ग्युसन यांनी स्वतःच सांगितलं की क्लार्कला खार्लामोव्हच्या घोट्याचं काय करायचं ते त्यांनीच सुचवलं होतं. आजही ती गोष्ट निघाली की लोक क्लार्कचं नाव घेतात. फर्ग्युसन यांचं नाव जाणकारांनाच आठवतं. काठी ज्याच्या हातात होती तो लक्षात राहिला; ज्याने बोट दाखवलं तो विसरला गेला.

आता हिशेब चुकता करण्याची बाजू पाहू. ग्रेट्झ्कीने बरोबर नेलेला मॅक्सॉर्ली २००० साली बॉस्टनकडून खेळत होता. २१ फेब्रुवारीला व्हँकुव्हरमध्ये सामना संपायला काही सेकंदच उरले होते आणि बॉस्टनचा पराभव ठरलेला होता. तेवढ्यात त्याने डोनाल्ड ब्रेशिअर या प्रतिस्पर्धी एन्फोर्सरच्या डोक्यावर मागून काठी मारली. ब्रेशिअर बर्फावर कोसळला, त्याच्या मेंदूला मार बसला. पुढे व्हँकुव्हरच्या न्यायालयाने मॅक्सॉर्लीला शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी ठरवलं. नॅशनल हॉकी लीगमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. त्याने केलं ते अक्षम्यच होतं. पण सतरा-अठरा वर्षं एका माणसाला फक्त दांडगाईचे पैसे मोजणारे संघमालक आणि प्रशिक्षक आरोपीच्या पिंजऱ्याच्या आसपासही नव्हते.

डेरेक बूगार्डची कथा याहून वाईट. साडेसहा फुटांपेक्षा उंच, कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात वाढलेला मुलगा. मोठ्या लीगमध्ये तो २७७ सामने खेळला आणि त्यात त्याने तीन गोल केले. हा आकडा पुन्हा सांगतो: २७७ सामने, तीन गोल. तरीही २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला, ६५ लाख डॉलरचा. एवढे पैसे कशासाठी मोजले, हे सांगायला नको. मारून मारून हात कामातून गेलेले, डोक्याला वारंवार मार बसलेला आणि वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन जडलेलं. मे २०११ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, मद्य आणि गोळ्यांच्या मिश्रणाने तो गेला. बॉस्टन विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वारंवार आघात झालेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत आढळणारा झिजेचा आजार त्यात सापडला. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे याच कामावरचे आणखी दोन खेळाडू गेले. त्यानंतर या खेळातल्या मारामाऱ्या बऱ्याच कमी झाल्या. त्याला पश्चात्ताप कारणीभूत झाला की वेगवान खेळात गोल न करणाऱ्याला जागा अडवू देणं परवडेनासं झालं, हे तुम्हीच ठरवा. मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, बर्फावरच्या हॉकीचं आम्हाला काय? आमचा खेळ क्रिकेट. तिथे कुणी कुणाला हात लावत नाही. खरं आहे. क्रिकेटमध्ये हे काम जिभेने केलं जातं. कामाची वाटणी मात्र तीच.

मार्च २०१८ मध्ये केपटाउनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन बॅनक्रॉफ्टने चेंडूला सँडपेपर घासला आणि तो कॅमेऱ्यात सापडला. स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांच्यावर १२ महिन्यांची बंदी आली, बॅनक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची. या प्रकरणाआधीची वॉर्नरची कारकीर्द आठवा. प्रतिस्पर्ध्याला घालूनपाडून बोलणं, अंगावर जाणं, यासाठी तो ओळखला जायचा. मध्ये तो निवळला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला ‘रेव्हरंड’, म्हणजे पाद्रीबाबा, म्हणून चिडवायला सुरुवात केली. निवळलेला वॉर्नर ड्रेसिंग रूममध्ये थट्टेचा विषय होतो, यात सगळं आलं. केपटाउननंतर ऑस्ट्रेलियन क्रिकेट मंडळाने आपल्या कारभाराची स्वतंत्र चौकशी करवून घेतली. किमतीची पर्वा न करता जिंकत राहण्याची वृत्ती मंडळातच मुरली आहे, असा त्या अहवालाचा सूर होता. म्हणजे रोग वरपर्यंत होता. कर्णधारपदावर आजन्म बंदी मात्र एकट्या वॉर्नरवर आली, आणि ती उठायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला.

आपल्या अंगणातही डोकावलं पाहिजे. जानेवारी २००८ मध्ये सिडनीत हरभजन सिंग आणि अँड्र्यू सायमंड्स यांच्यातल्या बाचाबाचीने दोन देशांची मंडळं समोरासमोर उभी केली. आधी हरभजनवर तीन कसोटींची बंदी आली, मग अपिलात ती उठून दंडावर निभावलं. तीनच महिन्यांनी, आयपीएलच्या पहिल्याच हंगामात मोहालीत याच हरभजनने श्रीशांतच्या थोबाडीत मारली आणि उरलेला हंगाम गमावला. पुढे २०११ मध्ये हरभजन आणि सायमंड्स मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले. दोघं जुनं विसरले याचा आनंद आहे. पण ज्या भांडणावरून दोन देश पेटले होते, ते लिलावातल्या एका बोलीने मिटलं, हेही पाहून ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या थोबाडीत मारल्याचं चित्रीकरण ललित मोदींनी एका पॉडकास्टवर दाखवलं. हरभजनने कितीदा तरी जाहीर माफी मागितली होती, श्रीशांतने ती स्वीकारली होती. तरीही १७ वर्षांनी त्या चपराकीला बाजार होताच. भांडणाची विक्री करणाऱ्यांच्या हाताला कधी माती लागत नाही.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. मग खेळाडूने मान खाली घालून खेळावं काय? मुळीच नाही. मुंबईच्या संघाने १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. त्या संघाला सगळ्या देशाने खडूस म्हटलं, आणि मुंबईकरांनी ती शिवी पदकासारखी छातीवर लावली. विकेट फेकायची नाही, सामना हातातून गेला तरी गोलंदाजाला घाम फोडायचा, समोरच्याला फुकटची एक धाव द्यायची नाही. यात टक्कर होतीच, आणि ती दिवसभर चालायची. २००१ च्या ऑस्ट्रेलिया मालिकेत सौरव गांगुली नाणेफेकीला उशिरा यायचा आणि स्टीव्ह वॉ ताटकळत उभा राहायचा. वॉ वैतागला, पण कुणाला इजा झाली नाही, कुणाची आई-बहीण निघाली नाही, आणि मुख्य म्हणजे गांगुलीने ते काम दुसऱ्या कुणाकडून करवून घेतलं नाही. स्वतः कर्णधार होता, स्वतः अंगावर घेतलं. मला हीच कसोटी वाटते: टक्कर देणारा आपल्या जबाबदारीवर देतो आहे, की कुणी त्याला पुढे करून मागे उभं आहे?

मागे उभं राहणाऱ्याचंही एक चांगलं काम असतं, आणि त्याची दोन उदाहरणं आपल्याच माणसांशी जोडलेली आहेत. पहिलं फेब्रुवारी १९८१ चं, मेलबर्नचं. सुनील गावसकर ७० धावांवर पायचीत दिले गेले. चेंडू आधी बॅटला लागला होता असं त्यांचं म्हणणं. वर डेनिस लिलीचे हातवारे आणि बोल. गावसकरांचा तोल गेला आणि ते चेतन चौहान यांनाही बरोबर घेऊन मैदानाबाहेर निघाले. दोघं बाहेर पडले असते, तर सामना सोडून दिल्यासारखं झालं असतं. सीमेवर संघाचे व्यवस्थापक शाहिद दुर्रानी उभे होते. त्यांनी चौहान यांना तिथूनच परत पाठवलं. तो सामना भारताने ५९ धावांनी जिंकला. ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला, कपिल देवने पाच बळी घेतले आणि मालिका बरोबरीत सुटली. पुढे गावसकरांनी त्या कृतीबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. आपल्या सर्वांत मोठ्या फलंदाजाचाही राग सीमारेषेवर अडवणारं कुणीतरी त्या दिवशी होतं, म्हणून पुढचा विजय झाला.

दुसरं उदाहरण सप्टेंबर २०२२ चं, कोइमतूरचं. दुलीप करंडकाचा अंतिम सामना, पश्चिम विभाग विरुद्ध दक्षिण विभाग. पश्चिमेचा कर्णधार अजिंक्य रहाणे. मुंबईच्याच यशस्वी जैस्वालने दुसऱ्या डावात २६५ धावा कुटल्या होत्या, म्हणजे सामना त्यानेच उभा करून दिला होता. शेवटच्या दिवशी तो फलंदाजाच्या जवळ उभा राहून दक्षिणेच्या रवी तेजाला सारखा बोलत होता. पंचांनी समज दिली. रहाणेने जवळ जाऊन समजावलं. तरी थांबेना, तेव्हा रहाणेने त्याला सरळ मैदानाबाहेर काढलं. काही षटकं पश्चिम विभागाने दहा जणांनीच क्षेत्ररक्षण केलं. सामना पश्चिमेने २९४ धावांनी जिंकला आणि सामनावीर जैस्वालच ठरला. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला कर्णधाराने बाहेर काढलं, म्हणून त्याचं करिअर बुडालं नाही. उलट पुढच्याच वर्षी तो कसोटी खेळला आणि पदार्पणातच त्याने शतक ठोकलं. रहाणेने काही न करता बघत राहणं पसंत केलं असतं, तर दंड जैस्वालला झाला असता, बदनामीही त्याचीच झाली असती, आणि रहाणेला कुणी एक शब्द विचारला नसता. तो मार्ग सोपा होता. रहाणेने तो घेतला नाही.

पण प्रत्येक संघाला रहाणे लाभेल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून शेवटी एक ठोस मागणी करतो. आयपीएल २०२४ मध्ये षटकांची गती तिसऱ्यांदा मंद पडली, म्हणून हार्दिक पंड्याला ३० लाखांचा दंड झाला आणि २०२५ च्या हंगामातला मुंबई इंडियन्सचा पहिला सामना त्याला बाहेर बसून पाहावा लागला. षटकं काही एकट्या हार्दिकने टाकली नव्हती. तरी कर्णधार म्हणून संघाच्या कामाचा जाब त्याला द्यावा लागला. मग जो न्याय तेव्हा घड्याळाला लावता आला, तो शिवीगाळीला आणि मारामारीला का लावता येऊ नये? एका संघातल्या खेळाडूंवर हंगामात तीनदा गैरवर्तनाची कारवाई झाली, तर पुढच्या सामन्याला कर्णधार आणि मुख्य प्रशिक्षक दोघांनीही घरी बसावं. एकदा हे झालं की ड्रेसिंग रूममध्ये कुणाला कशासाठी चिथवायचं, याचा विचार शंभरदा होईल.

आणि यासाठी आयपीएलची वाट पाहण्याची गरज नाही. या सभागृहात तालुका आणि जिल्हा संघटनांचे पदाधिकारी बसलेले आहेत, कबड्डीच्या आणि क्रिकेटच्या स्पर्धा भरवणारी मंडळी आहेत. तुमच्या पुढच्या स्पर्धेच्या नियमावलीत एक ओळ घाला: खेळाडूच्या गैरवर्तनाला त्याचा कर्णधार आणि प्रशिक्षकही जबाबदार राहतील. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या सरांनी आयुष्यभर मुलांना खेळवलं, आणि मुलगा चुकला तर आधी स्वतः पंचांपुढे जाऊन उभे राहिले. त्यांचं स्मरण करायचं असेल, तर ही एक ओळ पुरे आहे.